बोटावरची खूण

धर्माबादहून आगगाडीने निजामाबादच्या दिशेने निघाले की राज्याची सीमा ओलांडताच गोदाकाठचे बासर लागते. तेथील ज्ञानसरस्वतीच्या मंदिरात मुलांना अक्षराभ्यासासाठी नेण्याची चाल या सीमाभागात जुनी आहे. घर मराठी बोलणारे असो वा तेलुगू, शेतकऱ्याचे असो वा व्यापाऱ्याचे. मूल मांडीवर घ्यावे, त्याचे बोट आपल्या हातात धरावे आणि पहिले अक्षर गिरवून घ्यावे, हा छोटासा सोहळा शाळेत नाव घालण्यापूर्वी उरकला जातो. त्या दिवशी त्या बोटाकडे कोणी पुरावा मागत नाही.

दोन-तीन वर्षांत तेच बोट दुसऱ्या एका ठिकाणी ठेवावे लागते, आणि तेथे मात्र त्याची परीक्षा होते.

धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीची अडत असलेल्या एका घरातील सहा वर्षांची नात गेल्या हिवाळ्यात आई आणि आजोबांबरोबर आधार केंद्रावर गेली. जन्मानंतर काही महिन्यांतच तिचे निळ्या रंगाचे बाल आधार काढलेले होते. पाच वर्षांखालील मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. छायाचित्र घेतात आणि त्याचा क्रमांक आईच्या किंवा वडिलांच्या क्रमांकाशी जोडतात. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर दहाही बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांची प्रतिमा आणि नवे छायाचित्र द्यावे लागते. पंधराव्या वर्षी हे सारे पुन्हा. सात वर्षांचे होईपर्यंत पहिली नोंद झाली नाही, तर क्रमांक निष्क्रिय होऊ शकतो. शाळेतून तशी सूचना आली होती, म्हणून ही तिघे सकाळी लवकर येऊन रांगेत बसली होती.

मुलीने काचेवर चार बोटे ठेवली. पडद्यावर लाल खूण उमटली. केंद्रचालकाने ओल्या फडक्याने बोटे पुसली, कोरडी केली, स्वतःच्या हाताने वरून हलकेच दाबून पाहिली, पुन्हा लाल. तो तरुण गावातलाच. संकोचून म्हणाला, "शेठ, पोरीची बोटं लई बारीक हायेत. मशीन धरंना."

मुलीने आजोबांकडे पाहिले. "दादाजी, मशीनला मी कळत नाही का?"

"माझा अंगठासुद्धा बँकेतल्या मशीनला कळत नाही, बेटा," आजोबा म्हणाले. त्यात विनोद नव्हता. पन्नास वर्षे मिरचीच्या ढिगात हात घालून माल जोखणाऱ्या त्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. एकाच घरात एक बोट अजून पुरते उमटलेले नाही आणि दुसरे पुसले गेले आहे. केंद्रचालकाने महिनाभराने पुन्हा यायला सांगितले.

घरी परतताना सून काहीशी अस्वस्थ होती. शाळेत विचारले तर काय सांगायचे? मूल तर रोज वर्गात बसते, बाई त्याला नावाने हाक मारतात, त्याच्या डब्यात काय आहे हेदेखील त्यांना ठाऊक असते. मग ते मूल तेच आहे, हे आणखी कोणाला पटवून द्यायचे? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास बरेच मागे जावे लागते, आणि गंमत अशी की त्या मागच्या टोकाशी एक व्यापारीच उभा असलेला दिसतो.

१८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा पुरवठा करण्यासाठी राज्यधर कोनाई या स्थानिक पुरवठादाराशी करार केला. पुढे हा मनुष्य सही नाकारील की काय, या शंकेने हर्शेलने त्याच्या संपूर्ण हाताचा छाप कराराच्या कागदावर घेतला. हेतू एवढाच की, त्याच्या मनात धाक राहावा. नंतर अनेक वर्षांच्या अंतराने स्वतःचे ठसे ताडून पाहताना हर्शेलच्या ध्यानात आले की बोटांवरच्या रेषा बदलत नाहीत. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. ठशांचे वर्गीकरण करण्याची जी पद्धत जगभर एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली जाते, तिच्या बांधणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे बोटाचा ठसा व्यवहारात आला तो मुळात अविश्वासाच्या पोटी, मोठ्या माणसांच्या आणि पुढे गुन्हेगारांच्या बाबतीत. लहान मूल त्या चित्रात कोठेच नव्हते.

व्यापारी पेढ्यांची रीत याहून वेगळी होती. शाहजोग हुंडीची रक्कम कोणालाही मिळत नसे. ती 'शाह' म्हणजे बाजारात पत असलेल्या परिचित माणसाच्या हातीच द्यायची, आणि पुढे काही गफलत निघाली तर त्याने जबाबदारी घ्यायची, असा तिचा अर्थ. हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीही गहाळ झाली तर परपेठ. कागद हरवू शकतो, हे त्या पद्धतीने गृहीतच धरले होते आणि त्यावरचा उपाय आधीच करून ठेवला होता. बँकांनीही हीच रीत दीर्घकाळ चालवली. खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची 'ओळख' लागे. त्याची सही नव्या माणसाच्या अर्जावर असे. सही न जुळलेला धनादेश काउंटरवर आला, तर जाणता अधिकारी ग्राहकाला चोर ठरवीत नसे. त्याला आत बोलावी, समोर पुन्हा सही करायला सांगे, वय झालेल्या माणसाचा हात थरथरतो हे लक्षात घेई. अंगठा लावणाऱ्या खातेदाराचा ठसा साक्षीदाराच्या सहीवाचून ग्राह्य धरला जात नसे. ठशाशेजारी एक ओळखणारा माणूस लागेच. मराठीत 'ओळख' या शब्दाला परिचय आणि प्रमाण असे दोन्ही अर्थ आहेत, ते उगीच नव्हेत. आणि एके काळी निरक्षराला हिणवण्यासाठी वापरलेला 'अंगठाबहाद्दर' हा शब्द आज सनदी लेखापालांसकट सर्वांनाच लागू पडतो, हे ओघाने आले.

शाळांपुरते पाहायचे, तर महाराष्ट्रात मुलांच्या बोटावर खूण उमटवून पडताळणी करण्याची कथा याच नांदेड जिल्ह्यातून सुरू होते. २०११ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातील शाळांची एकाच वेळी पटपडताळणी करवून घेतली. हजेरीपटावर असलेली पुष्कळशी मुले वर्गात नव्हती. त्यांपैकी कित्येक कोठेच नव्हती. कागदावर मूल वाढले की शिक्षकांची पदे वाढतात, अनुदान वाढते, पोषण आहाराचा तांदूळ वाढतो. नांदेडचा हा अनुभव पाहून शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी केली. एकाच मुलाला दोन शाळांत बसवू नये, म्हणून मोजलेल्या प्रत्येक मुलाच्या बोटाला मतदानात लावतात तशी न पुसणारी शाई लावण्यात आली. ज्या शाळांत निम्म्याहून अधिक मुले गैरहजर आढळली, त्यांच्यावर कारवाईचे आदेश निघाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे कित्येक वर्षे चालले.

ती मोहीम आवश्यक होती, याविषयी दुमत असू नये. हिशेबात खोटी नावे घालणे ही चोरीच आहे, मग ती वहीत असो वा हजेरीपटात. परंतु त्या शाईचा एक गुण आज आठवावासा वाटतो. तिने मुलाला 'तू कोण' असे विचारले नाही. 'तुला मोजले की नाही' एवढेच तिला ठाऊक होते. नख वाढले, शाई गेली. मुलाचे काहीही कोणाच्या दप्तरात राहिले नाही. आणि दोष शोधायचा होता तो संस्थाचालकांचा, हे सर्वांच्या मनात स्पष्ट होते.

पुढच्या काळात ही स्पष्टता हळूहळू पुसट होत गेली. २०१५ पासून 'सरल' प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद होऊ लागली, नंतर आधारची जोड आली आणि आधारशी पडताळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर संचमान्यता, म्हणजे शाळेतील शिक्षकांची पदे, ठरवण्याचे धोरण आले. उद्देश तोच, बनावट पटाला आळा. पण आता प्रत्यक्ष वर्गात बसलेले मूलही, त्याचे नाव आधारवर एका तऱ्हेने आणि दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असल्यास, हिशेबाबाहेर राहू लागले. धर्माबाद, देगलूर, बिलोलीसारख्या सीमेवरच्या गावांत हे अधिकच घडते. एकच नाव तेलुगू वळणाने एक होते, उर्दू वळणाने दुसरे आणि मराठीत तिसरे. वडिलांचे नाव पुढे की आडनाव पुढे, यातही फरक पडतो. कामासाठी आईबापांबरोबर सहा महिने परमुलखात राहणाऱ्या मजुरांच्या मुलांची तर गोष्टच निराळी. मोठ्यांच्या लबाडीचा बंदोबस्त करण्यासाठी निघालेली व्यवस्था शेवटी मुलाकडेच पुरावा मागू लागली. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी नेण्याच्या शिध्यासाठी मोबाइलवर लाभार्थीचा चेहरा पडताळण्याची अट आली. तान्ह्या मुलाचा शिधा आईचा किंवा पालकाचा चेहरा पडद्यावर जुळण्यावर अवलंबून राहिला. रेंज नसलेल्या वाडीत हे किती सुरळीत होत असेल, याची कल्पना प्रवास करणाऱ्या कोणाही व्यापाऱ्याला सहज येईल.

येथे यंत्राची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. बोटांवरच्या रेषा मूल जन्मण्यापूर्वीच तयार झालेल्या असतात. अडचण त्या नसण्याची नाही, त्यांच्या सूक्ष्मतेची आहे. नेहमीची यंत्रे एका इंचात ५०० बिंदू टिपतात आणि ती प्रौढांच्या बोटांसाठी पुरेशी आहेत. मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक अनिल जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्र्याच्या दयालबागेत पाच वर्षांखालील ३०९ मुलांचे ठसे इंचाला १,२७० बिंदू टिपणाऱ्या यंत्राने घेऊन, काही काळाने पुन्हा ताडून पाहिले. सहा महिन्यांवरील मुले वर्षभरानंतरही बहुतांशी अचूक ओळखता आली. लसीकरणाच्या नोंदी, बेवारस सापडलेली अर्भके, रुग्णालयातील अदलाबदल, या सर्वांत याचा उपयोग उघड आहे. तेव्हा 'मुलांची बोटे यंत्राला कळूच शकत नाहीत' असे म्हणणे चूक ठरेल. आज गावोगाव वापरात असलेल्या यंत्रांना ती कळतीलच असे नाही, इतकेच म्हणता येते. आणि धर्माबादच्या त्या मुलीच्या दृष्टीने दोन्हींत काही फरक नाही.

या यंत्राचे ऋण मान्य करायला लावणारी एक घटना आपल्याच राज्यात घडली आहे. नागपूरच्या रेल्वे स्थानकावर २०११ मध्ये एक आठेक वर्षांचा मुलगा एकटा सापडला. त्याला स्वतःचे नाव-गाव सांगता येत नव्हते. बुद्धीची वाढ वयाच्या मानाने कमी होती. शहरातील एका कुटुंबाने त्याला नवे नाव दिले आणि आपल्या मुलांबरोबर वाढवले. दहा वर्षांनी, तो दहावीत असताना, शाळेसाठी त्याचे आधार काढायला नेले, तर नोंदणी पुन्हापुन्हा फेटाळली जाऊ लागली. केंद्रातील अधिकाऱ्याने 'होत नाही, पुढचा' असे म्हणून विषय संपवला नाही. शोध घेतल्यावर कळले की, या मुलाचे ठसे आधीच नोंदलेले आहेत: २०११ मध्येच, जबलपूरला, दुसऱ्या नावाने. जून २०२१ च्या अखेरीस तो आपल्या जन्मदात्यांकडे परतला. सांभाळणाऱ्या कुटुंबाने त्याला निरोप कसा दिला असेल, याचा विचार केला तरी मन भरून येते.

ही घटना वाचून यंत्राचा जयजयकार करणारे तिचा अर्धाच भाग सांगतात. त्या दिवशी यंत्राने खरोखर काय केले? नकार दिला. त्या नकाराचे कारण शोधणारा मनुष्य खुर्चीत होता, म्हणून मूल घरी गेले. तो नसता, तर तोच नकार त्या मुलाला शाळेतून बाहेर काढण्यास पुरेसा होता. ठसा मुलाच्या बाजूने साक्ष देतो तेव्हा ती साक्ष आनंदाने घ्यावी. मुलाच्या विरुद्ध देतो तेव्हा मात्र मुलाला ओळखणाऱ्या माणसाला विचारल्यावाचून ती मानू नये. बँकेतील थरथरत्या सहीला जो न्याय, तोच सहा वर्षांच्या बोटाला हवा.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात याच दिशेने पाऊल टाकले. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा त्यांचा मूलभूत हक्क आहे, ती काही सवलत नव्हे. क्रमांक नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभ नाकारू नये. मुलाच्या नोंदणीस पालकांची संमती हवी, असे त्या निकालात आहे. सज्ञान झाल्यावर ही नोंद नको असल्यास बाहेर पडण्याची मुभाही न्यायालयाने मान्य केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अठरा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत तसा अर्ज करता येतो. ही शेवटची तरतूद फारच थोड्या घरांना माहीत आहे. इंग्लंडमध्ये २०१२ च्या कायद्याने याहून पुढे जाऊन, पालक तयार असले तरी मूल नको म्हणाले तर शाळेने त्याचे ठसे घेऊ नयेत आणि दुसरी सोय करावी, असे ठरवले. आपल्याकडे मुलाला कोणी विचारत नाही. विचारण्याची कल्पनाच कित्येकांना हास्यास्पद वाटेल.

काळजीचे आणखी एक कारण आहे, आणि ते व्यापारी कुटुंबांना चटकन पटावे. सही उघडी पडली तर बदलता येते, पासवर्ड बदलता येतो, कुलूप बदलता येते. बोट बदलता येत नाही. शेजारच्या तेलंगणात २०१८ मध्ये जमीन नोंदणीच्या कागदांवर उमटलेल्या अंगठ्यांवरून रबरी ठसे बनवून मोबाइलची सिमकार्डे सुरू केल्याचा प्रकार पोलिसांनी उघडकीस आणला. ते ठसे प्रौढांचे होते. सहाव्या वर्षी दिलेला ठसा पुढे सत्तर वर्षे वापरायचा आहे. असे असता गल्लीतील एखादा शिकवणीवर्ग हजेरीसाठी लहान मुलांची बोटे यंत्रावर ठेवून घेतो आणि पालक कौतुकाने पाहतात. ते ठसे कोठे साठतात, वर्ग बंद पडल्यावर त्यांचे काय होते, हे विचारणारा पालक विरळा. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो. संमती मागितली जावी अशी अपेक्षा असेल, तर ती देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारण्याची सवयही लावून घ्यावी लागेल. भागीदारीचा कागद न वाचता त्यावर कोणी सही करीत नाही.

आणि आरशात पाहायचेच तर तेही पाहावे. २०१८ मध्ये राज्य शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आणली, ती कशामुळे? प्रवेश एका महाविद्यालयात आणि मूल वर्षभर शिकवणीच्या गावी, या प्रकारामुळे. लातूरला, कोट्याला मुले पाठवणाऱ्या सुखवस्तू घरांनी ही सोय मोठ्या प्रमाणावर घेतली. मजुराचे मूल दोन ठिकाणी पटावर असते ते पोटासाठी. सुखवस्तू घरातील मूल असते ते गुणांसाठी. यंत्र आले ते आपल्याच हिशेबातील फटीतून आले, हे मान्य केल्याशिवाय त्याविरुद्ध तक्रार करण्यास तोंड उरत नाही.

अडत्याची नात महिनाभराने पुन्हा केंद्रावर गेली. या वेळी आईने रात्री तिच्या बोटांना खोबरेल तेल चोळून सकाळी साबणाने धुऊन आणले होते. कोणी तरी तसे सुचवले होते. त्याचा गुण आला की केंद्रचालकाच्या धीराचा, सांगता येत नाही. त्याने घाई केली नाही. मागच्या रांगेला थांबवून तिला उंच स्टुलावर बसवले, एकेक हात पुसला, एकदा तिची खेळणी कोणती ते विचारले. उजव्या हाताची चार बोटे तिसऱ्या खेपेस उमटली, डाव्या हाताची पाचव्या. अंगठे शेवटी. शुल्क काहीच नव्हते. पाच ते सात या वयात ही नोंद विनामूल्य होते.

"झालं, शेठ," तो म्हणाला, "पंधराव्या वर्षी पुन्हा."

आजोबांनी पोचपावती घेतली, तारीख वाचून पाहिली आणि घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. दुकानात गेल्यावर मुनीमजींना सांगून ती त्यांनी घरच्या कागदांच्या फाइलीत लावून घेतली, आणि फाइलीच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने नातीच्या पंधराव्या वाढदिवसाचे आणि त्याखाली अठराव्या वाढदिवसाचे साल लिहून ठेवले.